तिसऱ्या ट्रॅकवरची व्हर्ना

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या मराठी मंडळींत मला ‘साउंडवाली सुजाता’ म्हणतात. गणपती असो, बाबासाहेबांची जयंती असो की कुणाच्या मुलीच्या नाचाचा कार्यक्रम असो, हॉलच्या मागच्या भिंतीशी काळे कपडे घालून मिक्सरपाशी उभी असते ती मी. कार्यक्रम रंगला तर गायकाचं नाव होतं. माइकने शिट्टी मारली की अख्खा हॉल मान वळवून माझ्याकडे बघतो. स्टेजवर चढण्याआधी जवळजवळ प्रत्येक गायक माझ्या कानाशी येऊन एकच मागणं मागतो, “ताई, इको जरा वाढवा.” इको वाढवला की सूर थोडा हलला तरी चालून जातं, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. मी बटण फिरवल्यासारखं करते, ते खूश होऊन गातात.

आठवड्याचे इतर दिवस माझं दुकान गॅरेजमध्ये चालतं. जुने ॲम्प्लिफायर, मिक्सर, टेपरेकॉर्डर दुरुस्त करते आणि लोकांच्या जुन्या टेपांवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देते. कुणाच्या आजोबांचं भाषण असतं, कुणाच्या चर्चचा क्वायर असतो. एकदा एका बाईंनी त्यांच्या मेलेल्या पोपटाची कॅसेट आणली होती. तासभर नुसतं “हॅलो डार्लिंग”. मी ती प्रामाणिकपणे, शेवटपर्यंत ऐकून साफ करून दिली.

हे काम मी युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, शिकले असं माझ्या कागदपत्रांवरून दिसतं. इलेक्ट्रॉनिक्सचं मास्टर्स करायला इथे आले, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, राहिले. खरं शिक्षण मात्र नागपूरचं. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत बाबांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. बॉक्स ते स्वतः बनवायचे. प्लाय कापून, आतून गोणपाट ठोकून, तोंड पुढे करून बसवलेला मोठा स्पीकर. जयंतीच्या आदल्या दिवशी अंगणात बॉक्सची चळत लागायची आणि बाबा मला समोर उभं करून विचारायचे, “पोटात लागलं का?” लागलं म्हटलं की पुढचा बॉक्स. माझ्या लेखी बेस म्हणजे पोटात लागणारी गोष्ट, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीधंद्यात हे मला समजावून सांगावं न लागलेलं गिऱ्हाईक एकच भेटलं. या लेखात त्यांच्याबद्दल सांगणार आहे.

त्यांचं नाव एझ्रा. इथे ऐंशीच्या माणसालाही नावाने हाक मारतात, मीही मारायची, पण मराठीत लिहिताना हात आपोआप ‘ते’ लिहितो. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर लोकरीची टोपी. एका सकाळी ते यूटच्या, म्हणजे इथल्या उघड्या पाठीच्या गाडीच्या, मागे जुनं मिक्सर बांधून माझ्या ड्राइव्ह-वेत आले. वाद्यांचे आवाज एकत्र करायचं हे टेबल. प्रत्येक वाद्याला एक उभी पट्टी असते. पट्टी वर सरकवली की ते वाद्य मोठं होतं, खाली सरकवली की लहान. शेजारी एक बटण असतं, ते दाबलं की वाद्य गप्प. एझ्रांच्या मिक्सरच्या बहुतेक पट्ट्या करकरत होत्या. मी म्हटलं, सगळ्या खोलून साफ करते.

“फक्त शेवटची कर,” ते म्हणाले. “बाकीच्यांची करकर मला पाठ आहे.”

शेवटची तेवढी केली. ते स्टुलावर बसून बघत होते. कुठली तू, वगैरे झालं. नागपूर त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणून मी बाबांच्या धंद्याचं सांगितलं. ऑस्ट्रेलियात मी ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे “हाउ इंटरेस्टिंग” म्हणाले होते. एझ्रांनी विचारलं, “बॉक्स केवढे मोठे?” मी हात पसरून दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं की जमैकात त्यांच्या लहानपणी गल्लीत अशाच चळती लागायच्या, दोन गल्ल्यांची चळतींवरून भांडणं व्हायची, आणि बॉक्स बनवणाऱ्याला गाणाऱ्यापेक्षा जास्त मान असे. त्या दिवसापासून ते मला ‘डॉटर’ म्हणू लागले. त्यांच्याकडे कुठल्याही तरुण बाईला तसं म्हणतात हे मला नंतर कळलं, पण तोवर मी ते मनावर घेऊन बसले होते.

एझ्रा इंग्लंडमार्गे इथे आले, शेजारच्या पोर्ट केंबलाच्या स्टीलवर्क्समध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. शिफ्ट संपली की घरामागच्या लॉन्ड्रीत बसून संगीत करायचे. ते संगीत ऑस्ट्रेलियात तेव्हा कुणी करत नव्हतं. त्याला ‘डब’ म्हणतात.

डब म्हणजे काय हे सांगायला मला आमच्या घरचंच उदाहरण बरं पडतं. एझ्रांची एक रेकॉर्ड मी पहिल्यांदा घरी लावली तेव्हा माझी लेक अन्वी थोडा वेळ ऐकून म्हणाली, “मम, समवन फरगॉट द सॉंग.” तिला बरोबर कळलं होतं. आधी नेहमीसारखं गाणं रेकॉर्ड करायचं. ड्रम, बेस, गिटार, ऑर्गन, गाणाऱ्याचा आवाज. मग ते मिक्सरवर घ्यायचं आणि त्यातून गाणंच काढून टाकायचं. उरतो ड्रम आणि बेस. मधेच गिटारचा एक तुकडा येतो आणि जातो. मधेच गायकाचा एखादा शब्द येतो, लांब पोकळीत फेकल्यासारखा घुमत, बारीक होत जातो, आणि पुढची ओळ येईल असं वाटतं तिथे ती येतच नाही. म्हणजे या संगीतात वाजवणारा माणूस मिक्सरवर बसलेला असतो. पट्ट्या हे त्याचं वाद्य. आणि हे सगळं हाताने, गाणं चालू असताना, एका दमात करायचं. हात चुकला तर चूक धरून पुढे जायचं. एझ्रा दुसऱ्यांदा मिक्स करत नसत.

त्यांची लॉन्ड्री बघायला मी गेले तेव्हा कपडे धुवायचं मशीन कोपऱ्यात होतं आणि उरलेल्या जागेत ते स्वतः. इकोसाठी टेपचा एक गोल तुकडा सतत फिरत असायचा. एका ठिकाणी आवाज टेपवर चढे, थोडं पुढे तोच परत ऐकू येई, तो पुन्हा चढवला की पुन्हा. त्यांच्या रेकॉर्डवर मधेच एक प्रचंड गडगडाट येतो. वादळाचा आवाज रेकॉर्ड केला असेल असं मी धरून चालले होते. त्यांनी टेबलाखालून पत्र्याची एक पेटी पायाने पुढे सरकवली. आत मागच्या दाराच्या फ्लायस्क्रीनची, म्हणजे माश्यांच्या जाळीच्या दाराची, लांब स्प्रिंग ताणून बसवली होती. आवाज त्या स्प्रिंगमधून गेला की खोलीत शिरल्यासारखा पसरायचा. आणि पेटीला लाथ घातली की गडगडाट. “व्हर्ना चिडली होती,” ते म्हणाले. “उन्हाळाभर दार उघडंच राहिलं आणि माश्या घरात.”

व्हर्ना म्हणजे त्यांची बायको. एझ्रांची जी रेकॉर्ड जाणकार लोक आजही शोधत फिरतात तिच्यावरचं मुख्य गाणं तिचं आहे. म्हणजे, आहे आणि नाही. तिच्या प्रत्येक ओळीतला फक्त एखादा शब्द रेकॉर्डवर ठेवला आहे. “मॉर्निंग” म्हणते, आणि ते मॉर्निंग मॉर्निंग करत दूर जातं. मग नुसता बेस. कितीतरी वेळाने “रिव्हर”. बस. ती रेकॉर्ड झाल्यावर वर्षाच्या आत व्हर्ना वारली. त्यांची मुलगी जोन तेव्हा जेमतेम चालायला बोलायला लागली होती. तिला आईचा चेहरा फोटोंतून माहीत होता आणि आवाज त्या तुटक शब्दांतून.

जोनशी माझी ओळख एझ्रांमुळेच झाली. आता ती पन्नाशीला आली आहे, वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात हृदयाच्या वॉर्डात नर्स आहे. मोजकं बोलणारी, पण बापाच्या औषधांच्या बाबतीत कडक. एझ्रांचा कान गेली काही वर्षं उतरत चालला होता. खालचे सूर शाबूत होते, वरचे गेले होते. माणसांच्या बोलण्यातले स, श त्यांना ऐकू यायचे नाहीत. बेस मात्र त्यांना कानाशिवायही कळायचा. बॉक्सवर हात ठेवून बसायचे.

मागच्या वर्षी मेलबर्नच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने ती जुनी रेकॉर्ड पुन्हा काढायचं ठरवलं. तिथला मॅट नावाचा मुलगा स्वतः येऊन एझ्रांना भेटून गेला. त्याने रेकॉर्डबरोबर छापायला एक लेख लिहिला होता, शांततेवर. एझ्रांनी ज्या धीटपणाने रिकाम्या जागा ठेवल्या तसं तेव्हा कुणी केलं नव्हतं, असं त्यात होतं. ते खरंच आहे. मीही कितीदा त्या जागांपाशी काम थांबवून बसले आहे. कंपनीला मूळ टेपा हव्या होत्या, आणि त्या उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

एझ्रांनी दोन डबे आणून दिले. एकात तयार डब मिक्सची टेप. दुसऱ्यात त्याच्याही आधीची, मूळ रेकॉर्डिंगची चार ट्रॅकची टेप. चार ट्रॅक म्हणजे एकाच टेपवर शेजारी शेजारी चार वाटा. पहिल्यावर ड्रम, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर व्हर्ना, चौथ्यावर गिटार आणि ऑर्गन. त्या काळच्या बऱ्याच टेपांना एक रोग आहे. टेपवरचा डिंक हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. तशीच मशीनवर लावली तर आवाजाचा थर खरवडून निघतो, तपकिरी भुकटी होऊन. उपाय विचित्र आहे. टेप मंद आचेवर तासन्‌तास शेकायची. मी त्यासाठी फळं सुकवायचं मशीन वापरते. शेकलेली टेप थोडे आठवडे नीट चालते, मग पुन्हा चिकटते, आणि फार जुनी असेल तर दर वेळी थोडी मरते. व्हर्नाची टेप फार वाईट अवस्थेत होती. कडेला थर सुटायला लागला होता. ही बहुतेक एकदाच वाजेल, असं मी एझ्रांना सांगितलं.

ते म्हणाले, “ड्रम, बेस आणि चौथी वाट उतरव. तिसरी नको.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चारही वाटा एकाच वेळी उतरवता येतात, जास्तीचं काम काहीच नाही. तसं मी सांगितलंही. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि विषय बदलला.

दोन-चार दिवसांनी जोन शिफ्ट संपवून, युनिफॉर्मवरच माझ्याकडे आली. टेप सुकवणीच्या मशीनमध्ये होती. ती काचेतून बराच वेळ बघत राहिली, एखाद्या पेशंटकडे बघावं तशी. मग तिने सांगितलं की डॅडकडे तिने लहानपणापासून ही टेप मागितली आहे. पूर्ण गाणं ऐकायचंय, एवढंच. कधी तो म्हणाला मशीन बिघडलंय, कधी म्हणाला टेप सापडत नाही. मोठी झाल्यावर तिने विचारणं सोडून दिलं.

“तू टेप वाजवशील तेव्हा चारही येणारच ना?” तिने विचारलं.

मी म्हटलं, मशीन चारही वाचतं. कुठल्या उतरवायच्या ते माझ्या हातात आहे.

“मग उतरव. त्याला सांगू नकोस.”

मी तिला चहा करून दिला. माझ्या मनाचा अर्धा भाग तिच्या बाजूने केव्हाच झुकला होता. आईचा आवाज ऐकायचा हक्क मुलीचा नाही तर कुणाचा? पण टेप एझ्रांची होती, त्यांनी ती विश्वासाने माझ्या हाती दिली होती आणि स्पष्ट नाही म्हटलं होतं. आमच्या धंद्यात लोक आपल्या घरातलं सगळ्यात नाजूक सामान आमच्यापाशी सोडून जातात. ते नसताना त्यांचं न ऐकणं मला जमलं नसतं. मी जोनला म्हटलं, मी चोरून काही करणार नाही, पण टेपही लावणार नाही. आधी त्यांच्याशी बोलते. ती चहा अर्धा टाकून गेली. रागावली होती, आणि तिचं रागावणं मला चुकीचं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोर्ट केंबलाला गेले. एझ्रा मागच्या अंगणात खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसले होते. जोन आली होती आणि तिने काय मागितलं, हे मी लपवलं नाही. कान बरा नसल्याने त्यांच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं बोलावं लागे, म्हणून मी खुर्ची फिरवून समोरच बसले होते.

मग त्यांनी सांगितलं. व्हर्नाचं हृदय लहानपणच्या तापाने दुखावलेलं होतं. झडप नीट मिटत नव्हती. बाळंतपणानंतर ते वाढलं. रेकॉर्डिंगच्या वेळी तिला अर्धी ओळ गायली की दम लागायचा. तिला चर्चमध्ये लोकांनी ऐकलेलं होतं, गळा मोठा होता, आणि आता तो आवाज बाहेर येण्याआधीच श्वास संपायचा. तरी तिने गाणं पूर्ण म्हटलं. लॉन्ड्रीत उशी पाठीशी घेऊन, बसून. संपल्यावर तिने टेप ऐकली आणि एझ्रांना म्हणाली की माझा दम लोकांना ऐकू येऊ देऊ नकोस.

“म्हणून मी झाकला,” एझ्रा म्हणाले. “जिथे तिचा श्वास तुटत होता तिथे तिला बंद केलं. आधीचा चांगला शब्द इकोत टाकला, म्हणजे पुढची जागा भरून निघाली. सगळं गाणं असं करत गेलो. शेवटी बघतो तर शब्द तेवढे उरले.”

मॅटच्या लेखातली शांतता, लोकांनी इतकी वर्षं मान हलवून ऐकलेल्या रिकाम्या जागा, माझ्या डोळ्यांपुढे एकेक करून येत होत्या. त्या प्रत्येक जागेत एक बाई श्वास घ्यायला थांबलेली होती.

ते पुढे म्हणाले की रेकॉर्ड गाजली तसे लोक येऊ लागले, आमचंही तसंच कर म्हणून. त्यांनी केलं. धडधाकट गायकांचेही शब्द कापले. एक गायक भांडला होता की मी एवढं गायलो आणि तू माझे चार शब्द ठेवलेस. “त्याचा श्वास चांगला होता,” एझ्रा म्हणाले आणि थोडे हसले. मिक्सरवर बसलं की हात आपोआप तिथेच जायचे. लोक त्याला स्टाइल म्हणत. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही, कारण दुरुस्त करायचं तर व्हर्नाचं सांगावं लागलं असतं.

“मी तिला शब्द दिलाय, डॉटर. ती ते कुणाला ऐकू देऊ नको म्हणाली.”

मी विचार न करता बोलून गेले, “लोकांना, असं म्हणाली ना? जोन लोकांत येते का?”

ते माझ्याकडे बघत राहिले. ऐकू आलं की नाही, या शंकेने मी पुन्हा बोलायला गेले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणजे ऐकू आलं होतं. त्यानंतर त्यांनी स्टीलवर्क्सच्या धुराकडे बघत वाऱ्याची दिशा वगैरे काहीतरी काढलं, आणि मी निघाले.

फोन रविवारी आला, तोही जोनचा. डॅड म्हणतोय चारही वाटा उतरव, तिसरी आधी एकटी ऐकव, आणि त्याचं मिक्सर तुझ्याकडे घेऊन येतो, आत्ताच. सकाळचीच वेळ होती. मी अन्वीला शेजारी पाठवलं, टेप मशीनवर चढवली, मशीनची मुंडकी, म्हणजे टेप वाचणारे हेड, स्पिरिटने पुसली.

एझ्रा बॉक्सशेजारी बसले, हात त्यावर. जोन उभीच राहिली. चारही वाटा कॉम्प्युटरवर चढू लागल्या आणि ठरल्याप्रमाणे मी बाकीचे आवाज बंद ठेवून फक्त तिसरी वाट ऐकवली.

आधी नुसती खोली ऐकू आली. मग व्हर्ना गायला लागली. रेकॉर्डवरच्या त्या घुमणाऱ्या शब्दांवरून मला ती कुणीतरी दूरची, उंच बाई वाटत आली होती. ही बाई जवळ होती. माइकपासून वीतभर. आवाज भरदार आणि किंचित घोगरा. पहिली ओळ अर्ध्यावर आली आणि श्वास सुटला. तिने तो ओढून घेतला, त्याचा आवाज स्पष्ट आला, आणि तिने ओळ पुरी केली. पुढच्या ओळीला आणखी लवकर. एकदा खोकली. एकदा पूर्ण थांबली, आणि “सॉरी, एझ्रा” असं पुटपुटून, ताल चुकू न देता पुढच्या शब्दावर आली.

मी जोनकडे बघितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती मान तिरकी करून ऐकत होती, डोळे जमिनीवर, आणि मग तिचा चेहरा बदलला. हा चेहरा मुलीचा नव्हता, वॉर्डातला होता.

“तिच्या छातीत पाणी झालंय,” ती म्हणाली. “श्वासात ऐकू येतंय. ती हॉस्पिटलात असायला हवी होती.” गाणं चालूच होतं. ती बापाकडे वळली, त्याला दिसेल अशी समोर उभी राहिली. “डॅड, तू तिला गायला का लावलंस?”

मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण टेप फिरत होती आणि मी ती सोडून हलू शकत नव्हते.

एझ्रांनी बॉक्सवरचा हात काढला. मग म्हणाले, “ती हॉस्पिटलातूनच आली होती. पुन्हा जायचं होतं. मधल्या दिवसांत काय करायचं ते तिने ठरवलं. मी तिला लावलं नाही, जोन. मी थांबवलंही नाही.”

गाणं संपलं. शेवटी टेपवर एक खुर्ची सरकल्याचा आवाज होता, मग काहीच नाही. जोन बाहेर ड्राइव्ह-वेत गेली. माझ्या खिडकीतून ती दिसत होती, यूटच्या बॉनेटला टेकून उभी. एझ्रा तिच्याकडे न बघता मला म्हणाले की श्वासाचा आवाज मला येत नाही आता. फक्त गळा येतो. तुला येत होता का? मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, आपल्याला हवं ते उत्तर मिळाल्यासारखी नाही, पण खरं उत्तर मिळाल्यासारखी.

थोड्या वेळाने जोन आत आली. डोळे लाल होते, आवाज शांत. “पुन्हा लाव,” तिने मला सांगितलं. आता कॉम्प्युटरवर होतं, हवं तितक्या वेळा लावता येणार होतं. पण एझ्रा उठले. चारही वाटा तुझ्या मिक्सरवर दे, असं म्हणाले, मग स्वतःच्या मिक्सरकडे बघून, नाही, याच्यावर दे.

मी तारा जोडल्या. ते मिक्सरसमोर उभे राहिले, टोपी काढून ठेवली. जोनला त्यांनी शेजारी बोलावलं. “मला ऐकू येत नाही. तिचा श्वास येईल तेव्हा बोट वर कर.”

त्यांनी तो मिक्स एका दमात केला. सगळी वाद्यं घेऊन गाणं सुरू झालं, ड्रम, बेस, गिटार, ऑर्गन, मधोमध व्हर्ना. जोनचं बोट वर गेलं तसं एझ्रांनी गिटार आणि ऑर्गन काढून घेतले. पुन्हा बोट वर, ड्रम गेला. प्रत्येक श्वासापाशी ते बाकी सगळं बाजूला करत होते, आणि श्वास झाला की थोडं थोडं परत आणत होते. इकोच्या बटणाला त्यांनी हात लावला नाही. शेवटच्या कडव्यात बेस तेवढा उरला होता. तो बेस त्यांनी स्वतः वाजवलेला होता, मला ते तेव्हाच कळलं, कारण तो काढताना ते क्षणभर अडले. मग पट्टी खाली ओढली. व्हर्ना एकटी राहिली, दमत, थांबत, पुढे जात, शेवटच्या शब्दापर्यंत. जोनचं बोट आता खाली येतच नव्हतं.

मिक्स संपला. एझ्रांनी टोपी घातली आणि मला म्हणाले की हे फक्त तिला दे.

कंपनीची रेकॉर्ड यथावकाश निघाली, जुन्या मिक्ससह, जशीच्या तशी. मॅटचा लेखही तसाच छापला. त्याला मी काही सांगितलं नाही. हे सगळं इथे लिहायला मात्र दोघांनीही परवानगी दिली, एझ्रांनी या अटीवर की आवाज कुणालाही ऐकवायचा नाही. ते मराठी वाचणार नाहीत, तरी नावं मी बदलली आहेत.

नव्या मिक्सची एकच प्रत मी जोनला दिली आणि माझ्याकडची तिच्यासमोर पुसली. पुढचे कितीतरी आठवडे तिचा फोन आला नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही. मग एका दुपारी ती औषधांच्या दुकानासमोर भेटली. तिने सांगितलं की सुरुवातीला तिला ते लावताच येत नव्हतं. लावलं की ती आईचे श्वास मोजायची, वॉर्डातल्यासारखे. आता कुठे गाणं ऐकू यायला लागलंय.

“तिसऱ्या कडव्यात ती शब्द विसरते, तुझ्या लक्षात आलं?” जोनने विचारलं. मला आलं नव्हतं. “विसरते, आणि काहीतरी बनवून तसंच ठोकून देते. त्याला अर्थच नाही.” ती हसायला लागली. “मी घरात गाणी म्हणताना तेच करते. मुलं चिडवतात. मला वाटायचं, ही खोड माझी एकटीची.”